उंदीरमामा, टाळी द्या!

पोळ्याला बैल सजतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे चाकांवरचा लाकडी बैल घेऊन गल्लीभर मिरवणारी पोट्टे कंपनी! त्यानंतर तीनच दिवसांनी ढोलताशांच्या गजरात बाप्पा येतात आणि त्यांच्या पायाशी बसून येतो एक छोटा व्हीआयपी. शेपटी लांब, कान गोल, हातात लाडू. ओळखलंत ना?

यंदा नागपूरच्या महालातल्या चितार ओळीत मूर्ती बघायला गेलात की मूषकाचे हात नीट बघा. लाडू दोन्ही पंजांत घट्ट धरलेला असतो. ही नुसती कलाकारी नाही बरं! खरा उंदीर अगदी असाच जेवतो. मागच्या पायांवर बैठक मारतो, मुरमुऱ्याचा दाणा पुढच्या दोन्ही पंजांत धरतो, गोल गोल फिरवतो आणि कडेकडेनं कुरतडत संपवतो. जेवण झालं की पंजे चाटतो, त्याच पंजांनी तोंड पुसतो, कानामागूनही हात फिरवतो. ‘हात-तोंड धू’ असं त्याच्या आईला दहादा सांगावं लागत नाही!

आणि बोटं किती, माहीत आहे का? मागच्या पायाला पाच, पण पुढच्या पंजाला फक्त चार. अंगठ्याच्या जागी नुसतं बारकं बोंड. म्हणजे उंदीरमामांनी टाळी दिली तर ती चार बोटांची!

बाप्पांना हे वाहन मिळालं कसं? गणेशपुराणातली गोष्ट अशी, की क्रौंच नावाच्या गंधर्वाचा पाय इंद्राच्या सभेत चुकून वामदेव ऋषींना लागला. शाप मिळाला, ‘उंदीर हो!’ झाला तो डोंगराएवढा उंदीर आणि त्यानं पराशर ऋषींच्या आश्रमात धुडगूस घातला. शेवटी गणपतीनं पाश टाकून त्याला धरलं आणि थेट ड्यूटीवर घेतलं. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिरात चांदीचे मूषक आहेत. भक्त त्यांच्या कानात आपली इच्छा कुजबुजतात. बाप्पांपर्यंत डायरेक्ट मेसेज!

मग दहा दिवस नमस्कार आणि उरलेलं वर्षभर झाडू? हे काही बरोबर नाही, बॉस. माझं तर स्पष्ट मत आहे, की हुशारी, माया आणि मस्ती या तिन्ही विषयांत पैकीच्या पैकी मार्क घेणारा इतका छोटा पाळीव प्राणी दुसरा नाही.

पण आधी एक अट. नालीतला, गोदामातला, बिळातला उंदीर धरायचा नाही म्हणजे नाही! त्याच्यामुळे लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होऊ शकतात, आणि तो बिचाराही घाबरून चावतो. आपण बोलतोय ते माणसांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पाळीव उंदरांबद्दल. त्यांच्यात दोन टीम. ‘रॅट’ म्हणजे थोराड, वजन साधारण 300 ते 500 ग्रॅम. ‘माऊस’ म्हणजे चिमुकला, 20 ते 30 ग्रॅमचा. एका रॅटच्या वजनात डझनभर माऊस बसतील!

हसतो, लपतो, डोलतो

माहीत आहे का, उंदराला गुदगुल्या होतात? आणि तो चक्क हसतो!

याक पँकसेप नावाच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात अमेरिकेत रॅटना बोटांनी गुदगुल्या करून पाहिल्या. रॅट चिवचिवले, पण तो आवाज होता 50 किलोहर्ट्‌झच्या आसपास. आपले कान 20 किलोहर्ट्‌झला हात टेकतात. म्हणून वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लावावं लागलं. गंमत पुढे आहे. गुदगुल्या थांबल्या की रॅट त्या हाताच्या मागे मागे धावायचे. ‘अजून, अजून!’

2019 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात शास्त्रज्ञ रॅटसोबत लपाछपी खेळले. हो, लपाछपी! राज्य कोणावर आहे हे रॅटना बरोबर कळायचं. स्वतः लपायची पाळी आली की ते चिडीचूप बसायचे आणि पारदर्शक डबा सोडून अपारदर्शक डब्यात शिरायचे. बक्षीस काय? खाऊ नाही, गुदगुल्या! सापडला की रॅट आनंदानं टुणकन उडी मारायचा आणि पुन्हा लपायला पळायचा. शास्त्रज्ञांना अशी नोकरी मिळते हे शाळेत कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

डान्स? तोही! 2022 मध्ये टोकियो विद्यापीठानं रॅटच्या डोक्यावर हालचाल मोजणारं चिमुकलं यंत्र बसवलं आणि गाणी लावली. मोझार्ट, लेडी गागा, क्वीन, मायकल जॅक्सन. मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांच्या तालावर रॅट मस्त मान डोलावत होते. पोट्टेहो, वरातीत आपण सगळे त्याच स्पीडला नाचतो!

आणि ड्रायव्हिंग? अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठात केली लँबर्ट यांच्या टीमनं प्लास्टिकच्या डब्याला चाकं लावून रॅटसाठी छोटी कार बनवली. तांब्याच्या तारेला पंजा लावला की गाडी चालते, तार बदलली की वळते. पोचल्यावर गोड सीरियलचा तुकडा. कळीची गोष्ट ही, की ज्या रॅटच्या घरात खेळणी होती, शिड्या होत्या, दोस्त होते, ते गाडी जास्त छान शिकले. रिकाम्या पिंजऱ्यातले मागे पडले. ही माहिती आईबाबांना जरूर वाचून दाखवा!

आता थोडं हळू वाचा, कारण पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठात एका रॅटला छोट्या नळीत अडकवलं आणि त्याचा सोबती बाहेर मोकळा ठेवला. नळीचं दार बाहेरूनच उघडणारं. बाहेरच्या रॅटनं खटपट करून करून दार उघडायची युक्ती शोधली. मग शास्त्रज्ञांनी कसोटी लावली. एका नळीत दोस्त, दुसऱ्या नळीत चॉकलेट. बाहेरच्या रॅटला चॉकलेट आधी काढून एकट्यानं फस्त करता आलं असतं. पण अनेकांनी दोस्तालाही सोडवलं आणि त्याच्यासाठी चॉकलेट ठेवलंसुद्धा. भावंडांनो, ऐकताय ना?

गळ्यात गोल्ड मेडल

माहीत आहे का, एका उंदराला शौर्यपदक मिळालंय? नाव मगावा. जन्म टांझानियाचा, पोस्टिंग कंबोडियात. तिथं युद्धात पुरलेले भूसुरुंग अजूनही जमिनीत आहेत. मगावा वास घेत जायचा आणि स्फोटकाचा सुगावा लागला की जमीन खरवडायचा. माणूस धातुशोधक यंत्र घेऊन गेला तर त्याला गंजलेला खिळाही थांबवतो. उंदीर फक्त स्फोटकाच्या वासालाच थांबतो, म्हणून टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात तपासून मोकळा!

मगावानं 71 भूसुरुंग आणि न फुटलेल्या 38 इतर स्फोटक वस्तू शोधल्या. वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणून त्याच्या पायाखाली सुरुंग फुटतही नाही. 2020 मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या संस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. हे पदक पटकावणारा तो पहिला उंदीर! 2021 मध्ये रिटायर झाला आणि 2022 च्या जानेवारीत वारला. आवडता खाऊ? केळी आणि शेंगदाणे.

त्याचा रेकॉर्ड मोडला का? मोडला! रोनिन नावाच्या पठ्ठ्यानं 2025 पर्यंत 109 सुरुंग शोधून गिनीज बुक गाठलं. हे दोघंही आफ्रिकेतले गालफडात पिशव्या असलेले मोठे उंदीर, म्हणजे आपल्या पाळीव रॅटचे लांबचे चुलते. ‘अपोपो’ नावाची संस्था त्यांना शिकवते. याच शाळेतले काही विद्यार्थी टांझानियात थुंकीचा नमुना हुंगून क्षयरोगही ओळखतात.

संत्रानगरी स्पेशल

नागपुरात राहायचं आणि संत्रं चाखायचं नाही? नर रॅटच्या नशिबी हेच आलंय!

माहीत आहे का, संत्र्याच्या सालीत डी-लिमोनीन नावाचं तेल असतं? साल सोलताना बोटांवर फवारतं, डोळ्यात गेलं की झोंबतं, तेच. नर रॅटच्या शरीरात एक खास प्रथिन तयार होतं. लिमोनीन त्याला जाऊन चिकटतं आणि ही जोडगोळी मूत्रपिंडात साचत जाते. मूत्रपिंड बिघडतं. आता नवल ऐका. मादीला हा त्रास नाही. माऊसला नाही. माणसाला तर मुळीच नाही. फक्त आणि फक्त नर रॅट! म्हणून रॅट पाळणारी जाणकार मंडळी नरांना संत्र्याची साल आणि रस दाखवतसुद्धा नाहीत. संत्रा बर्फी तुम्ही संपवा, मामांना काकडी द्या.

तर्री पोहे? नको. सावजी रस्सा? अजिबात नको! माहीत आहे का, उंदराला उलटीच करता येत नाही? पोटात गेलं ते गेलं. म्हणून तो नवी चीज आधी हुंगतो, कणभर चाखतो, वाट बघतो. दोस्त काय खाऊन आलाय हे त्याच्या तोंडाच्या वासावरून ताडतो. बिनमसाल्याचा भात, मूग, गाजर, मटार, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, असा साधा मेन्यू ठेवा. सोड्याचे बुडबुडे मात्र बंद, कारण त्याला ढेकरही धड देता येत नाही.

आता आपला मे महिना. पारा 45 च्या पार. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून गारही होता येत नाही. मग तो करतो काय? शेपटी! तिच्यावर दाट केस नसतात, आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. उकाडा वाढला की त्या वाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता शेपटीतून बाहेर जाते. ज्या शेपटीला बघून ताई किंचाळते, ती म्हणजे मामांचा कूलर! पण या कूलरची ताकद तोकडी. तिशीच्या वर पारा गेला की रॅट सुस्तावतो, आणखी वर गेला की जिवावर बेततं.

म्हणून नागपुरात उंदीर पाळायचा तर पिंजरा खिडकीजवळ नाही, गच्चीच्या खोलीत नाही. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पण कूलरच्या थेट झोतात नाही. ओलसर झोतानं त्याची छाती भरते, आणि रॅटची फुप्फुसं मुळातच नाजूक. पिंजऱ्यात फरशीचा एक तुकडा ठेवा, पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून टॉवेलात गुंडाळून द्या. मामा तिला टेकून दुपारभर घोरतील. अगरबत्तीचा आणि मच्छर कॉइलचा धूर लांबच बरा.

एकटा जीव नको

माहीत आहे का, एकटा उंदीर उदास होतो? रॅट गटात राहणारा प्राणी. एकमेकांची मान खाजवायची, ढिगानं झोपायचं, कुस्ती खेळायची. तुम्ही शाळेत आणि क्लासला गेलात की तो कोणाशी बोलणार? म्हणून दोन आणा, आणि दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. काहून? रॅटची पिल्लं 21 ते 23 दिवसांत जन्मतात, एका वेळी आठ-दहा सहज. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झालं की तेही आईबाबा व्हायला तयार! माऊसमध्ये दोन नर भांडतात, त्यामुळे तिथं माद्याच बऱ्या.

लहान मुलांसाठी मी तरी रॅटच सुचवेन. माऊस बघायला भारी. त्याचं हृदय मिनिटाला 500 च्या वर धडधडतं आणि तोही तसाच, आत्ता इथं, क्षणात तिथं. हातात टिकत नाही. रॅट मात्र खांद्यावर बसून गृहपाठ बघतो, स्वतःच्या नावाला ओळखतो, कॉलरमध्ये शिरून झोपतो.

उचलताना दोन्ही हातांची ओंजळ करून पोटाखालून उचलायचं. शेपटी धरून कधीच नाही! तिची कातडी सुटून येऊ शकते. उचलण्याआधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे. पिंजऱ्याच्या सळ्यांमधून पेन्सिल जात असेल तर छोटा माऊसही जाईल, हे दुकानातच तपासा. खाली कागदाच्या पट्ट्या घाला. देवदार-चीडसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा नको.

खूश उंदीर ओळखायचा कसा? कान लावून ऐका. दातांवर दात घासल्याचा बारीक कटकट आवाज येतो. मग डोळे बघा. ते चक्क आत-बाहेर थरथरायला लागतात! पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण घाबरू नका. जबडा हलवणारा एक स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून डोळे नाचतात. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा रॅट बसल्या जागी मान डावीकडे-उजवीकडे डोलवत असेल तर तो आजारी नाही. त्याला कमी दिसतं. मान हलवून तो समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घेतो.

डोळ्यांभोवती लाल दिसलं तर? ते सहसा रक्त नसतं, तो अश्रूंमधला लाल रंग असतो. पण ताण किंवा आजाराची ती खूण, म्हणून डॉक्टर गाठा. आणि डॉक्टर उंदीर आणायच्या आधी शोधून ठेवा, नंतर नाही! आपल्या शहरात तर पशुवैद्यकाची गादीच आहे. सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासूनचं, आणि अख्ख्या महाराष्ट्राचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आपलं माफसू, त्याचं मुख्यालय नागपुरात.

एक गोष्ट आधीच सांगते. रॅटचं आयुष्य दोन ते तीन वर्षांचं, माऊसचं त्याहून थोडं कमी. घरात आणताना हे मुलांना माहीत असलेलं बरं. तेवढ्या दिवसांत खेळून घ्यायचं, भरपूर!

खानदान मोठं

माहीत आहे का, महाराष्ट्राचा राज्यप्राणी उंदराचा नातेवाईक आहे? शेकरू! खार, साळिंदर, शेकरू, उंदीर सगळे कुरतडणाऱ्यांच्या एकाच मोठ्या गणातले. जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे 40 टक्के जाती याच गणात.

चिचुंद्री मात्र या खानदानात नाही! दिसते उंदरासारखी, पण ती किडे खाणाऱ्या वेगळ्या घराण्यातली.

आणि शिवप्रेमींनो, हे ऐका. सिंहगडाच्या पठारावर एक उंदीर राहतो, ज्याचं शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाना. गडाचं जुनं नाव कोंढाणा, तेच त्यानं मिरवलंय! 1975 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. हा रात्री फिरतो आणि बीळ करून राहतो. नामशेष होण्याचा धोका असलेल्यांत त्याचं नाव आहे. पिठलं-भाकरी खाऊन प्लास्टिक तिथंच टाकणाऱ्यांनी हा पॅरेग्राफ दोनदा वाचावा.

झटपट कुरतडा!

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला 10 सेंटिमीटरहून जास्त. म्हणून कुरतडणं हा खोडसाळपणा नाही, गरज आहे. दात पिवळे-केशरी असतील तर शाब्बास! त्यात लोह असतं.

जपानमध्ये उंदीर पाळण्यावरचं पुस्तक 1775 मध्ये छापलं गेलं. ओसाकात तेव्हा रंगीबेरंगी उंदरांची क्रेझ होती.

राणी व्हिक्टोरियाचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक सगळे उंदीर मारत नसे. वेगळ्या रंगाचे देखणे उंदीर तो जपून ठेवायचा, वाढवायचा आणि विकायचा. पीटर ससुल्याच्या लेखिका बीट्रिक्स पॉटर यांच्याकडे सॅमी नावाचा रॅट होता. 1908 मधलं एक पुस्तक त्यांनी त्यालाच अर्पण केलं.

अमेरिकेत ॲबी लेथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका हौशी लोकांसाठी माऊस वाढवायच्या. शास्त्रज्ञ त्यांच्याकडूनच माऊस घेऊ लागले. 2002 मध्ये माऊसचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, तो याच बाईंच्या उंदरांच्या वंशजाचा!

अंतराळात? गेलाय ना! 1961 मध्ये फ्रान्सचा हेक्टर नावाचा रॅट रॉकेटमधून वर गेला आणि जिवंत परत आला.

दुधाचा दात पडला की आपल्याकडे काही घरांत तो उंदराच्या बिळात टाकतात. स्पेनमध्ये तो उशीखाली ठेवतात आणि रात्री पेरेझ नावाचा उंदीर येऊन दात नेतो, भेट ठेवतो! ही गोष्ट 1894 च्या सुमारास लुईस कोलोमा यांनी तिथल्या आठ वर्षांच्या राजासाठी लिहिली. माद्रिदमध्ये या उंदराच्या नावाची पाटीसुद्धा आहे.

दीर्घायुषी कोण? सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला पॅट नावाचा, रानातल्या जातीचा माऊस. 2023 मध्ये वय 9 वर्षे 209 दिवस, गिनीज रेकॉर्ड!

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मात्र रॅट पाळायला कायद्यानं बंदी. तिथल्या पोट्ट्यांची हालत विचारू नका.

तुमच्या घरी होकार मिळाला असेल तर आता फक्त नावं ठरवायचीत. जोडी आणायची आहे, म्हणून नावंही जोडीचीच. तर्री आणि पोहे? गोळा आणि भात? टेकडी आणि तलाव? माझ्याकडून एक फायनल सजेशन, अस्सल नागपुरी: एकाचं नाव झिरो, दुसऱ्याचं माइल!